आईची साडी नाटकात गेली

मरोळच्या त्या गाळ्यात तेव्हा आम्ही पाच जण होतो. नाटक कंपनीचे जुने मालक, कंपनी विकत घेणारा नवा मालक, मॅनेजर, नाटकातली हिरॉईन आणि मी. नाटकाचे कपडे माझ्याकडं असायचे. धुणं, इस्त्री, उसवलेलं शिवणं, सगळं.

मॅनेजर विकायच्या सामानाची यादी वाचत होता. "नऊवारी, हिरवी, एक."

मी म्हटलं, "ती माझी आहे. यादीत धरू नका."

आईनं काजूच्या कारखान्यात बिया फोडून ती माझ्या लग्नाला घेतलेली. बोटांची सालं गेलेली तिची. नाटक नवीन होतं तेव्हा मालक म्हणाले, भाड्याची साडी परवडत नाही, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या जातात, तुझी दे चार प्रयोगांपुरती. दिली. मग नाटक चाललं आणि साडी तिथंच राहिली. लेक विचारायची, मी सांगायची, तुझ्या लग्नापर्यंत येईल घरी. आता लग्न महिन्यावर आलेलं.

नव्या मालकानं पदर उलटा केला. लाल दोऱ्यानं घातलेली कंपनीची खूण, नावाचं पहिलं अक्षर. "मावशी, मग हे काय?"

ती मीच घातलेली. लाँड्रीत दोन-तीन कंपन्यांचे कपडे एकत्र जायचे. हरवू नये म्हणून सगळ्यांवर घालायची, तशी हिच्यावरपण घातली. शाळा दुसरीपर्यंत, पण ते एक अक्षर मला झकास यायचं.

मी जुन्या मालकांकडं बघितलं. "तुम्हाला ठाऊक आहे ना? सांगा की."

ते पंख्याकडं बघत म्हणाले, "लई वर्षं झाली, बाई. आठवत नाही."

हिरॉईन म्हणाली, "अहो, त्यांचीच आहे. मला नेसवताना रोज सांगतात."

"मग जाहिरातीत काय छापू?" नवा मालक हसला. "लोक हिरव्या साडीवालीला बघायला येतात, मॅडम. तुमचं काय, हिरॉईन बदलता येते."

ती मोबाईल बघायला लागली. मॅनेजरनं यादीवर बरोबरची खूण केली. घडी घालून पेटीत मीच ठेवली. चुरगळलेली कशी टाकणार?

लेकीनं दुकानातली नेसून लग्न केलं. एवढंच म्हणाली, "आये, सगळ्या मुंबईनं बघितली ती. मीच राहिले ना."

मी काम सोडलं. जुने मालक दिवाळीला मिठाई पाठवतात. मी खालच्या वॉचमनला देते.

नाटक अजून लागतं, बोरिवलीला, मुलुंडला. बघायला गेलात तर पडदा पडल्यावर आत जा आणि विचारा, ही साडी कुणाची? सगळ्यांसमोर विचारा.