फळ्याचं ऐकणारी पोर

जवळ सरक जरा, कागदावरून का होईना. येते येते म्हणून लिहितेस आणि येत नाहीस. मावशीला काही विचारायची आठवण तुला दोन वर्षांत झाली नाही; आता तुझ्या वर्गात एक न बोलणारं लेकरू आलं, तेव्हा बरोबर झाली. डी.एड. केलंस, बाई झालीस, आणि विचारतेस कुणाला, तर जिनं शाळेचा उंबरा भांडायलाच ओलांडला तिला. असू दे. ऐक.

माझी नात तेव्हा सात वर्षांची. तुमच्या पुस्तकात याला स्वमग्नता म्हणतात. आमच्या गावात तेव्हा याला बरीच नावं होती, आणि ज्याच्याकडे नाव त्याच्याकडे उपायही. हाक मारली तर बघायची नाही. बोलायची ते दोन-चार शब्द, तेही स्वतःशीच. गलका झाला की कान दाबून पळायची. आमच्या किराणा दुकानात मात्र रमायची. शाम्पूच्या, सुपारीच्या रंगीत पुड्यांच्या माळा तेव्हा नव्यानंच आल्या होत्या. देश पुढं चालला होता म्हणे. आमच्यापर्यंत तो पुड्यांतून आला. एखादी पुडी उलटी लटकली की ही उठून सुलटी करायची. मी म्हणायचे, चित्रं बघते.

मीही दुकानातच शिकले. लग्न होऊन आले तेव्हा सहीसुद्धा येत नव्हती. पुड्या बांधायच्या रद्दीतला पेपर मांडीवर घ्यायचा आणि अक्षराखाली बोट सरकवायचं, ही माझी शाळा. नात खांद्याला टेकून ते बोट बघत बसायची. मी म्हणायचे, बोट बघते. मी पण काही कमी हुशार नव्हते.

शाळेतले गुरुजी तर मोठे विद्वान. वाचन शिकवायची त्यांची एकच पद्धत. ते एक ओळ ओरडणार, चाळीस पोरं तीच ओळ त्याहून मोठ्यानं ओरडणार. वेशीपर्यंत ऐकू जायचं, म्हणून गावही खूश. निम्म्या पोरांची पुस्तकं उलटी असायची, पण आवाज सुलटा होता, तेव्हा ते वाचन धरलं जायचं. माझी नात कान दाबून व्हरांड्यात पळायची, तेव्हा तिला वाचता येत नाही हे उघडच होतं.

दुसरीच्या वर्षी गुरुजी दुकानात आले.

"काकू, पोरीचं नाव कमी करावं म्हणतो."

"कावून? जागा लई खाते का?"

"तसं न्हाई. एक अक्षर येत न्हाई तिला. साहेब तपासणीला आले की माझं नाक कापलं जातं."

"लई नाजूक हाय तुमचं नाक. सुपारी घ्या."

सुपारी घेतली आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली. सून पदर तोंडाला लावून आत गेली. गावात दुसरी शाळा नव्हती. नाव गेलं की लेकरू जन्मभर पुड्या सुलट्या करत बसणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

उपायवाले पुन्हा जागे झाले. एक म्हणाली, कपिलधारला ने, धबधब्याखाली धर, जीभ सुटेल. नेलं. काठावर पाटी होती, 'पाण्यात उतरू नये'. पाटीला वळसा घालून चांगली शिकली-सवरली माणसं पाण्यात उतरत होती. नात पाटीपाशी रोवल्यासारखी उभी. चुचकारलं, ओढलं, मी स्वतः लुगड्यासकट भिजून दाखवलं. नाही म्हणजे नाही. पोर पाण्याला भिते, असं सगळ्यांचं मत पडलं, माझंही. हीच पोर घरी बादलीपासून उठायला तयार नसायची, हे त्या वेळी कुणाला आठवावं?

पुढं आठ दिवसांनी गुरुजींचा घसा बसला. तपासणीची कागदं तर भरायची होती. म्हणून त्यांनी सकाळीच फळ्यावर लिहिलं, 'जागेवरून उठू नका', आणि मान खाली घालून कामाला लागले. चाळीस पोरांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि लगेच उठली.

पाच वाजता शाळा सुटली. नात घरी आली नाही. सून धावली, मी मागून. वर्गाला बाहेरून कडी. उघडून बघतो तर बसकरपट्टीवर मांडी घालून बसलेली, तोंड फळ्याकडं. डबा तसाच बांधलेला. खालची पट्टी ओली. कडी घालताना गुरुजींना ती दिसली नव्हती. गप बसलेलं लेकरू बघायची त्यांना सवय कुठं होती?

सुनेनं हात धरला तर किंचाळली. उचलायला गेली तर चावली. मी फळ्याकडं पाहिलं. बोट न ठेवता मी वाचलेली ती पहिली ओळ असेल. वाचली, आणि कपिलधारची पाटी डोळ्यापुढं आली.

फळा पुसला. माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'आता घरी चल'.

ती उठली, दप्तर घेतलं, डबा घेतला आणि आमच्या पुढं चालायला लागली. सून रडत होती का हसत होती ते मला विचारू नको. मी पोरीच्या मागं पळत होते.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन शाळेत गेले.

"गुरुजी, तुमच्या वर्गात वाचणारी ही एकच पोर हाय. तिचंच नाव कमी करायचं का?"

"काकू, काही पण काय बोलता?"

"मग लिहा की, मनाला येईल ते."

गुरुजींनी लिहिलं, 'खिडकी लाव'. तिनं लावली. 'आजीला पाणी दे'. गुरुजींच्याच तांब्यातलं आणून दिलं. गुरुजींनी खडू खाली ठेवला.

"काल मीच कडी घातली," ते म्हणाले.

आले होते भांडायला, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी गुरुजींपुढं केलं. असं माझं किती वेळा होतं, तुला ठाऊक आहे.

नाव राहिलं. गुरुजी तिला चिठ्ठ्या लिहायला लागले: पट्टीवर बस, धडा वाच, मधली सुट्टी झाली, घरी जा. ओरडायचा तास आला की ती पुस्तक घेऊन व्हरांड्यात. साहेब आले तेव्हा गुरुजींनी सांगितलं, ही माझी स्वतःची पद्धत. साहेबांनी पाठ थोपटली. मी सुपारी पाठवून दिली.

तेव्हा तू त्या लेकरावर ओरडू नको. लिहून बघ. सगळ्यांचं असंच जमेल असं मी म्हणत नाही. आणि लिहिलंस की वेळेवर पुसत जा.

नात आता मोठी झाली. दुकानातल्या पाट्या तीच लिहिते. तुझं कार्ड आलं की वाचून दाराच्या खिळ्याला टोचते. मागच्या खेपेला 'गुरुवारी येते' असं लिहिलंस आणि आली नाहीस. ते कार्ड अजून तिथंच आहे. काढायला गेलं की हात झटकते, आणि दर गुरुवारी सकाळपासून उंबऱ्यात बसते. म्हणून सांगते, लवकर ये. आणि गुरुवारीच ये.