डाळ शिजेल तिथं घर

आमच्या अप्पांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि आयुष्यभर तो शिकवला मात्र होता. जामखेडच्या शाळेत भूगोलाचा तास त्यांचा. भिंतीवर नकाशा टांगायचा, छडीचं टोक निळ्या रंगावर टेकवायचं आणि भरती-ओहोटी, खाड्या, बंदरं, गलबतं असं काही रंगात येऊन सांगायचं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. बाहेर बघावं तर धुरळा. उन्हाळ्यात विहिरीत सोडलेला पोहरा तळाच्या दगडावर खणखणायचा. अशा गावात बसून हा माणूस लाटांवर बोलायचा, आणि बोलता बोलता स्वतःच डुलायला लागायचा.

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली अप्पा पेन्शनीत निघाले. शाळेतला निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून घरी आले, डोक्याचा रुमाल खुंटीला अडकवला आणि आईला म्हणाले, "आपण समुद्राकाठी घर घेऊ या."

आई ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "बरं." आई नुसतं 'बरं' म्हणाली की समजायचं, काही खरं नाही.

आता आईचं म्हणणं नीट सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. म्हणजे तो होताच, पण त्याला कारण होतं. आमच्या घरामागे विहीर होती, पण तिचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायची नाही. दिवसभर उकळा, दाणा न् दाणा जागच्या जागी. म्हणून प्यायचं आणि रांधायचं पाणी आई गावाबाहेरच्या बारवेवरून आणायची. लग्न होऊन आली त्या दिवसापासून डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. आणि आमच्याकडच्या बायका नवं घर बघायला गेल्या की आधी ओसरी बघत नाहीत की माजघर. पदराला बांधून आणलेली मूठभर तूरडाळ त्या घरच्या विहिरीच्या पाण्यात शिजवून बघतात. शिजली तर घर घ्यायचं. नाही शिजली तर जन्मभर डोक्यावर हंडा आलाच.

"घर कुठंही घ्या," आई दुसऱ्या दिवशी म्हणाली. "पण परसातल्या विहिरीत माझी डाळ शिजली पाहिजे. पाण्यासाठी मी आता उंबरा ओलांडायची नाही."

अप्पांनी शब्द दिला. देताना त्यांना समुद्र दिसत होता, त्यांनी कशालाही शब्द दिला असता.

बातमी बारवेवर पोचली. आईबरोबर रोज पाण्याला येणारी शेजारची एक म्हातारी होती, ती हंडा खाली ठेवून हसत बसली. "वैनी, समिंदराचं पानी लई खारं आस्तंय म्हनं. आन् तुमी त्यातच ऱ्हायाला चालला व्हय?" आईनं आपला हंडा उचलून वाट धरली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं आपली चुंबळ त्या म्हातारीला देऊन टाकली. "मला आता हिचं काम नाही," म्हणाली. माझी आई अशी.

निघालो. मी तेव्हा परकर नेसायची आणि मला सगळ्याचंच हसू यायचं. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढणीला थांबायची, मग सगळ्यांनी उतरून ढकलायची. नगरहून आगगाडी, पुण्याहून पुन्हा मोटार, आणि मग घाट. घाटात आईचं डोकं सबंध वेळ खिडकीबाहेर होतं. पण डाळीची पिशवी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. अप्पा प्रत्येक वळणावर "आता दिसेल" म्हणत होते, आणि दिसत होतं झाड.

त्या बंदराच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून आमच्या डाळीवरून हसतात. घर दाखवायला एक दलाल नेमला होता. काखेत छत्री, तोंडात पान, आणि प्रत्येक वाक्याला 'हो'. "वहिनी, अगदी निर्धास्त असा हो. आमच्या गावच्या सगळ्या विहिरी गोड्या हो." अप्पा म्हणाले, "आधी समुद्र." आई म्हणाली, "आधी विहीर." विहीर जिंकली.

पहिल्यांदा मधल्या आळीत गेलो. आळी कसली, नुसती सुपारीची बाग, आणि मधेमधे घरं. घरामागं विहिरीवर रहाट चालला होता. बैल फिरतोय, एकेक लोटा पाणी घेऊन वर येतोय, पन्हळीत उलटा होतोय आणि पाणी झुळझुळ बागेत निघून चाललंय. आईनं ते बघितलं मात्र, धावत जाऊन बैलापुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली. "अहो, बंद करा. वाया चाललंय सगळं." बैल थांबला. बैल हाकणारा गडी थांबला. दलालाच्या तोंडातलं पान थांबलं. झाडांना पाणी घालतात हो, असं त्यानं तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती बाजूला झाली. पण मग तिनं पन्हळीखाली पाय धुतले, तोंड धुतलं, पुन्हा पाय धुतले. मला म्हणाली, "तूही धू." माझे धुऊन झाले होते. "पुन्हा धू."

त्या विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली, आणि उकळी येते न येते तोच डाळीचं पिठलं झालं. आई पळी फिरवत राहिली, फिरवायला काही शिल्लक नव्हतं तरी. घरही चांगलं होतं. विहीर मागच्या दारापासून हाकेवर. फक्त समुद्र नव्हता. दिसत नव्हता आणि कान दिला तरी ऐकूही येत नव्हता.

"छान आहे," अप्पा म्हणाले. "मधली आळीच बरी. वारा कमी लागेल." इतकं कोरडं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पण शब्द म्हणजे शब्द, त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

"आलोच आहोत तर समुद्र बघून घ्या," आई म्हणाली, पाहुण्याला चहा विचारावा तशी.

बंदराकडची आळी ओलांडली, माडांतून बाहेर पडलो, आणि तो होता. आता त्याचं वर्णन मी करणार नाही, तुम्ही पाहिला असेल. मी सांगते ते अप्पांचं आणि आईचं. अप्पा कोरड्या वाळूवर खिळले. जोडे हातात, रुमाल वाऱ्यानं सुटायला आलेला. पाणी जरा जवळ आलं की हे मागं सरकायचे. मुलांना सगळ्या लाटा शिकवलेला माणूस पायाला लाट लागू देत नव्हता. आणि आई? आईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ आत गेली. लाट आली, कंबरेपर्यंत भिजवून गेली, आणि आई हसली. ती एरवी ओठ मिटून हसायची. त्या दिवशी मी माझ्या आईचे सगळे दात पहिल्यांदा पाहिले. "एवढं पाणी," ती म्हणत होती, "अगं, एवढं पाणी." अप्पा समुद्राकडे बघायचे सोडून तिच्याकडेच बघत होते.

येताना बंदराकडच्या आळीत एक घर विकाऊ होतं. पडवीत उभं राहिलं की माडांच्या मधून सगळा समुद्र समोर. "बघण्यापुरतं बघू," अप्पा म्हणाले. "विहीर गोडी हो," दलाल म्हणाला, पण यावेळी छत्रीच्या टोकाकडे बघत.

आईनं तिथल्या चुलीवर डाळ टाकली. अप्पा आणि दलाल पडवीत, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. उकळी आली, गेली, पुन्हा आली. आईनं एक दाणा चिमटीत दाबला. टणक. माझ्या तोंडात घातला, मी चावला, कडकन वाजला. दुसरी बाई असती तर पातेलं उतरवून मोकळी झाली असती. आई खिडकीबाहेर बघत उभी राहिली. पडवीतून अप्पांचा आवाज येत होता. ते दलालाला भरती-ओहोटी समजावून सांगत होते. त्या बंदरावर जन्मलेल्या माणसाला.

आईनं कोपऱ्यातली कळशी माझ्या हातात दिली. "मधल्या आळीतनं भरून आण. मागच्या दारानं जा."

मी बघतच राहिले. "आई, पण मग रोज—"

"धावू नको, सांडेल," ती म्हणाली.

मी धावलेच. परत आले तेव्हा माझा परकर चिंब भिजला होता आणि आईनं आधीची डाळ केळीच्या बुंध्याशी ओतून टाकली होती. पडवीतून अप्पांनी विचारलं, "अजून शिजतेय का?" आई म्हणाली, "लाकडं ओली आहेत."

पानं वाढली. भातावर आमटी, अशी एकजीव की बघत राहावं. सगळ्यांत जास्त थक्क कोण झालं असेल तर दलाल. पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अहो, या विहिरीच्या पाण्यात तर आजवर कधी—"

"त्यांना भात वाढ," अप्पा घाईघाईनं आईला म्हणाले.

आईनं वाढला, डोंगरभर. दलालाचं तोंड त्यात बंद झालं. अप्पांनी एकदा माझ्या ओल्या परकराकडं पाहिलं, एकदा आईकडं पाहिलं, आणि आमटी भुरका मारून प्यायले. "शिजली," म्हणाले. "ठरलं मग." मला इतकं हसू येत होतं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पळाले.

परत जामखेडला येऊन आम्ही बिऱ्हाड बांधलं. आईनं जुन्या लुगड्याची नवी चुंबळ वळली आणि पिठाच्या डब्यात तळाशी लपवली. "पहाटे उठून आणत जाईन," मला बजावून सांगितलं. "त्यांना कळता कामा नये. कळलं तर मधल्या आळीत जाऊ म्हणतील." मी विचारलं, तू तर उंबरा ओलांडणार नव्हतीस. "गप बस," म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "तू बघितलंस ना ते कसे उभे होते वाळूत. पोरासारखे." आणि आणखी थोड्या वेळानं, "मलाही आवडला तो."

नव्या घरातली पहिली सकाळ. आई उजाडायच्या आत उठली, मला हलवलं. दोघी पावलं न वाजवता स्वयंपाकघरात आलो, तर हंडा जागेवर नाही. कळशी नाही. मागचं दार उघडं.

दारात जाऊन बघतो तर मधल्या आळीकडून अप्पा येत होते. शाळेत रोज डौलानं बांधायचा तो रुमाल त्यांनी गोल गुंडाळून डोक्यावर ठेवला होता, रुमालावर हंडा, आणि एका हातानं हंड्याचा काठ धरलेला. कळशीही भरून पेलणं जमलं नसणार, ती दुसऱ्या काखेत रिकामीच. पाऊल टाकलं की पाणी हिंदकळायचं आणि चष्म्यावरून खाली यायचं. जामखेडला कुणी मास्तरांना असं बघितलं असतं तर शाळेला सुट्टी पडली असती.

"अहो, खाली ठेवा तो," आई कुजबुजली. "लोक काय म्हणतील?"

"इथं मला कोण ओळखतंय?" अप्पा म्हणाले. त्यांना दम लागला होता, पण स्वर तासावरचा होता. "उंबरा तू ओलांडायचा नाहीस, असा शब्द होता. मी ओलांडायचा नाही असं कुठं ठरलं होतं?"

आई त्यांच्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी ती हसायला लागली, तशीच, सगळे दात दाखवत. मग ती आत गेली. पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. परत येऊन तिनं आपली चुंबळ झटकली, पीठ उडालं, आणि ती अप्पांच्या हातात ठेवली.

"रुमाल सरकतो," ती म्हणाली. "उद्यापासून ही घ्या."