आपोआप जाणारा अर्ज

वडशाच्या माझ्या सायबर कॅफेत माणसं अर्ज भरत आणि शेवटचा रकाना भरला की उठून चालू लागत. 'पाठवा' हे बटन दाबायचं राहूनच जाई. कागदाची सवय ती, रकाने संपले म्हणजे काम संपलं. मी वेबसाइटीही बनवायचो. वैतागून कोडचा एक तुकडा लिहिला. शेवटच्या रकान्यातल्या यादीतलं नाव बदललं, की अर्ज आपोआप जायचा. मग बनवलेल्या प्रत्येक साइटला तोच तुकडा जोडू लागलो. फार शहाणा समजत होतो स्वतःला.

नर्सिंगच्या एका शाळेची साइटही माझीच. धाकट्या बहिणीने कॅफेत बसून तिथला अर्ज भरला. शेवटच्या यादीत शिकायची केंद्रं दोनच, दूरचं सिरोंचा आणि आमचं वडसा. एकदा गेलेला अर्ज बदलता येत नसे. स्क्रीनवर उमटलं, 'केंद्र: सिरोंचा'.

"दादा, म्या अजून काई निवडलंच नाई. फॉर्म आपल्याआपच गेला."

"आपल्याआप कसा जाईल? म्या बनवला हाय तो. नीट पायत नाई अन् कॉम्प्युटरले दोष देतं."

घरी बाबांसमोरही हेच बोललो, माझ्या मेल्या तोंडाने. बाबांनी माझंच खरं धरलं, कॉम्प्युटरमधलं कळणारा घरात मी एकटाच. सिरोंच्याला आपलं कोणी नाही, पोरगी तिथं एकटी राहणार नाही, म्हणाले. ती दोन दिवस जेवली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न लावून कोरपन्याला पाठवली.

वर्षभराने कॅफेत एक बाई दुसऱ्याच साइटवर अर्ज भरत होत्या, मी मागे उभा होतो. यादीवर क्लिक केल्यावर पान खाली सरकवायला त्यांनी माउसचं चाक फिरवलं. पान हललं नाही. यादीतलं नाव तेवढं बदललं, आणि अर्ज गेला. बहिणीचाही अर्ज असाच गेला होता.

सगळ्या साइटी तो एकच तुकडा वापरत, म्हणून एका जागी दुरुस्ती केली ती सगळीकडे पोचली. आता बटन दाबल्याशिवाय कुणाचाच अर्ज जाणार नव्हता. मग बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, सांगता सांगता रडलो. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"मले माहीत होतं दादा," ती म्हणाली. "म्या तवाच तुले सांगतलं होतं."