एफ-वनमधला नारळ

जिथं माणसं एकमेकांवर डोळा ठेवून काम करतात तिथं किस्से साठायला वेळ लागत नाही. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पॅकिंग मशीनचा छोटा कारखाना. मशीनसोबत कॉम्प्युटर जायला लागला आणि संशयाला ऊतच आला.

कीबोर्डवरचं एफ-वन दाबलं की मशीनची माहिती दिसावी, म्हणून मी एचटीएमएलची पानं लिहायचो. स्क्रिप्ट ती गोळा करून एकच हेल्प फाइल बांधायची. माहिती द्यायची फोरमन वासूबाबनी. आजवर गिऱ्हाइकाकडे जाऊन मशीन तेच सुरू करून देत.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "हें सगळें कॉम्प्युटरात गेलें काय मागीर माका घरा धाडतले, न्हय?"

मी नाही म्हणालो. पण मालकांच्या मनातलं मला तरी कुठं ठाऊक होतं!

*

एकदा स्क्रिप्ट चालू असताना वासूबाब मागे येऊन उभे राहिले. पानांची नावं भराभर वर सरकत होती.

"हातूंत माजें नांव खंय?"

"माहिती देणाऱ्याचं नाव नसतं यात."

"तेंच म्हणतां हांव," म्हणाले आणि निघून गेले.

*

मालकांनी ती फाइल नेटवर्कवरूनच उघडली. डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे पान कोरं. आम्ही दोघांनी संगनमताने माहिती दडवली, असं त्यांनी धरलं. मी सांगितलं, बाहेरून आलेल्या हेल्प फाइलवर विंडोज विश्वास ठेवत नाही, ती आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी लागते.

वासूबाब त्या दिवशी पहिल्यांदा खूश दिसले. "कॉम्प्युटराक तरी अक्कल आसा," म्हणाले.

*

मग मशीन सुरू करण्याचं पान आलं. वासूबाबनी पहिली पायरी सांगितली, राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणे, त्याची विनवणी करणे. आमच्याकडे त्याशिवाय कुठलंच मशीन सुरू होत नाही, त्यामुळे मी लिहिलं. मालकांनी वाचलं, त्यांनाही काही खटकलं नाही.

फाइल मशीनसोबत सांगलीला गेली. वासूबाबना मात्र पहिल्यांदाच पाठवलं नाही. प्रवासखर्च कशाला, एफ-वन आहे ना, असं मालक म्हणाले. मला वाईट वाटलं.

सांगलीहून फोन आला. "नारळ ठेवला. पण गाऱ्हाण्यात काय म्हणायचं ते एफ-वनमध्ये नाही. आमचा ऑपरेटर बटणाला हात लावायला तयार नाही."

मालक माझ्याकडे बोट दाखवून वासूबाबना म्हणाले, "सांग, हो लिवन घेता."

"तें लिवन जायना शेट. थंय उबो रावन म्हणूंक जाय."

म्हणजे तिथं उभं राहूनच म्हणायला हवं. मालकांनी मला वासूबाबसाठी सांगलीच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं.

वासूबाबची बॅग सकाळपासूनच दाराशी भरून ठेवलेली होती.