पोलिसांना न बोलावता

लखनऊच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि दरवर्षी तुरुंगावरचा माझा तास गाजायचा. माणसाला कोंडून माणूस सुधारत नाही; ज्याने केलं आणि ज्याचं गेलं, त्या दोघांनी समोरासमोर बसावं, कबुली व्हावी, माफी व्हावी, असं मी तावातावाने सांगायची. पोरं टाळ्या वाजवायची. मला त्या आवडायच्या, खोटं कशाला बोलू.

इंदिरा नगरातल्या आमच्या घरी चिनहटहून एक बाई नऊ वर्षं स्वयंपाकाला येत होती. आमटीत गूळ घालायला मीच तिला शिकवलं. एका जानेवारीत सासूबाईंचा चांदीचा करंडा तिच्या पिशवीत, स्वेटरखाली सापडला. "लालच आ गया, दीदी," ती म्हणाली. माझा नवरा रेल्वेत इंजिनीअर, सरळ माणूस. त्याने पोलिसांना लावायला फोन उचलला. मी तो हातातून काढून घेतला. इतकी वर्षं शिकवलेलं करून दाखवायची संधी आयती चालून आली होती.

त्याच आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या सगळ्या मराठी बायका, शिवाय शेजारच्या चार-पाच भाभी. मी तिला मधोमध बसवलं आणि बोलायला सांगितलं. पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा बोलायला लावलं. मग त्याच करंड्यातलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं, वाण दिलं, तिळगूळ दिला. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर माझ्याच थोरपणाचं भरतं आलं होतं.

महिन्याभरात तिची बाकीची तीन घरं सुटली. कोणी भांडलं नाही. "अब ज़रूरत नहीं है," एवढंच. उरलं माझं घर. ती आपली पिशवी दाराबाहेर ठेवू लागली. ठेव असं मी म्हटलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नाही. ती स्वयंपाकघरात असली की मी काम नसताना तिथे घुटमळायची. पाहुण्या बायका तिच्यादेखत मला मराठीत विचारायच्या, "हीच का ती?" नऊ वर्षांत तिला मराठी चांगली समजायला लागली होती.

तीन वर्षांनी पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "दीदी, उस दिन थाने भेज देतीं, तो हम कब तक छूट जाते?"

मास्तरणीची खोड जात नाही. मी विचार करून उत्तर दिलं, की पहिलाच गुन्हा, वस्तूही परत मिळालेली. फार तर काही महिने.

"तो अब भेज दीजिए."

मी हसले. मग तिला समजावलं की आपण तसली माणसं नाही, आणि माझ्या मनात तर आता काहीच उरलेलं नाही.

"आपके मन का नहीं पूछा," ती पोळी उलटत म्हणाली.

मला राग आला. एवढं केलं हिच्यासाठी, आणि हे फळ! दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिचीच गोष्ट सांगितली, अर्थात तिळगुळापर्यंतचीच.

आता मी निवृत्त झाले आहे. ती अजून येते. दुसरीकडे जाईल कुठे, सगळ्यांना साक्षीला मीच बोलावलं होतं. परवा म्हणाली, गुडघे साथ देत नाहीत, आता मोकळं करा. मी म्हटलं, दुसरी विश्वासाची बाई मिळेपर्यंत तरी थांब.

ती थांबली आहे.