ट्रॅक्टर उसाआड होता

येडगावात मला सगळे सरळ माणूस समजतात. त्यांनी ते आता बंद करावं.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याच्या प्रयोगशाळेत क्वांटम सेन्सरसाठी हिरे वाढवायची. वाढवताना हिऱ्यात नायट्रोजनचे अणू सोडायचे. मग त्यावर हिरवा लेसर टाकला की तो तांबडा उजळतो, आणि आसपासचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तो उजेडही बदलतो. तिनं नव्या पद्धतीनं अशा हिऱ्याची एक चकती केली होती. जुन्या पद्धतीची आणि ही नवी चकती एकाच जागी सारखंच मोजतात, एवढं तिला दाखवायचं होतं. शहरात लिफ्ट, गाड्या, सगळीकडे हलतं लोखंड. म्हणून ती आमच्या शिवारात आली.

भावाशी माझा बांधावरून अबोला होता. तो पारावर सांगत फिरे, "आमच्या पोरीनं हिरा पिकवलाय. थोरल्याला कांदाबी धड पिकत न्हाई."

तिनं मागून आणलेलं उपकरण भावाच्या रानात मांडलं. बांधापलीकडचं रान माझं, म्हणून पोरगी माझ्याकडे आली. "तात्या, आज इकडं लोखंड येऊ देऊ नका. विळासुद्धा नको."

"बरं," मी म्हणालो.

सकाळी जुनी चकती मोजून झाली. ती जेवायला गेली तेव्हा मी ट्रॅक्टर आणून उसाआड, बांधालगत उभा केला.

दुपारी नवी चकती वेगळंच दाखवू लागली. जुनी परत लावून बघायच्या आत बॅटरी उतरली, आणि उपकरण संध्याकाळी परत द्यायचं होतं.

"तात्या, कुणी आलं होतं?"

"चिटपाखरू न्हाई."

चकती सदोष ठरली. तिच्या सरांनी ती पद्धतच सोडून दिली. वर्षभरात पोरीनंही प्रयोगशाळा सोडली. आता ती आळेफाट्याला क्लास घेते.

गेल्या महिन्यात तिथं जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही.

"ट्रॅक्टरचं तोंड कुठं होतं?"

"धरणाकडं."

"मागं रोटाव्हेटर जोडलेला होता?"

"व्हता बहुतेक."

"बहुतेक नको, तात्या. किती फरक पडला त्याचे आकडे माझ्याकडं आहेत. तेवढा फरक तुमच्या लोखंडानंच पडला का, हे मला काढायचंय. नाहीतर चकती खराबच होती म्हणतील."

"आठवत न्हाई गं."

"खोटं काय बोललात ते मात्र बरोबर आठवलं."

मी हात जोडले. तिनं फळा पुसायला घेतला.

"आठवलं तर या. माफी मागायला येऊ नका."

मला अजून आठवलेलं नाही.