मुद्दाम चुकणारे डॉक्टर

अख्ख्या नागपुरात आपली चूक पकडणाऱ्याला चहा पाजणारा डॉक्टर एकच होता, आणि तो नेमका माझ्या औषधाच्या दुकानासमोर दवाखाना थाटून बसला होता. पाचपावलीतला आमचा रस्ता इतका अरुंद, की डॉक्टर खोकले तर माझ्या काउंटरवर ऐकू यायचं. सत्तर सालाच्या आसपास मी दुकान टाकलं, तेव्हा डॉक्टर आणि औषधवाला एकमेकांशी बोलत नसत. डॉक्टरने चिठ्ठी लिहावी, आम्ही ती वाचावी आणि अक्षर लागलं नाही तर अंदाजाने औषध द्यावं, अशी रीत. मीही दिलं आहे. हे इतकी वर्षं कुणापाशी बोललो नाही, आता लिहून टाकतो.

समोरच्या डॉक्टरांना या मुकेपणाचा भयंकर राग. अक्षर न लागणारी एखादी चिठ्ठी माझ्याकडे आली, की ती हिसकावून, सायकलवर टांग मारून ते थेट लिहिणाऱ्याच्याच दवाखान्यात जात आणि सगळ्या पेशंटांसमोर त्यालाच वाचायला लावत. एका बड्या डॉक्टराने आपलंच अक्षर उलटंसुलटं करून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "पेशंटला होतंय तरी काय?" हे सांगताना आमचे डॉक्टर इतके हसले, की चष्मा माझ्या काउंटरवरच्या बरणीत पडला. डॉक्टर मंडळींच्या सभेत कुणीतरी टोमणा मारला, "तुम्ही म्हणे दवाईवाल्याला विचारून प्रॅक्टिस करता?" हे उभे राहून म्हणाले, "करतो. बायकोलेही विचारतो. तुम्ही कोणालेच नाही विचारत, हे तुमच्या पेशंटले माहीत आहे काय?" त्यानंतर त्यांना सभेचं बोलावणं आलं नाही. तरी ते जात.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. ते मुद्दाम चुकीची चिठ्ठी लिहीत आणि मी विचारतो की नाही, हे पाहत. पहिल्या खेपेला त्यांचा मेहुणा आला. रेल्वेत गार्ड, मिशा झाडूसारख्या. चिठ्ठीत बाळाला दात येताना द्यायचं औषध. मी मुकाट बाटली बांधून दिली. पाचव्या मिनिटाला डॉक्टर बाटली नाचवत रस्ता ओलांडून आले.

"काहून विचारलं नाही गा?"

"तुम्ही लिहिलं होतं, साहेब."

"मी विहिरीत उडी घे म्हणून लिहीन, तू घेशील? अबे, याच्या मिशा तरी पाह!"

मेहुणा बिचारा मिशांवरून हात फिरवत उभा. मग दर आठवड्याला कुणी ना कुणी अशी चिठ्ठी घेऊन येऊ लागलं, कधी अगदी अनोळखी माणूसही. कधी स्वतः डॉक्टरीणबाई पदर सावरत येत आणि चिठ्ठी देतानाच हसू दाबत. मी बुजरा माणूस. पण हळूहळू मला रस्ता ओलांडायची चटक लागली. चूक सापडली की मी दवाखान्याच्या दारातून ओरडायचो, "पकडली!" आणि डॉक्टर हातातली पेशंटची नाडी सोडून चहा मागवायचे.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी विणकरांच्या घरातली एक तरुण बाई चिठ्ठी घेऊन आली. कडेवर लहानगी पोर, तिला झटके येत. औषध झटक्यांचंच, पण मात्रा मोठ्या माणसाची. मी खूश. मायलेकींना घेऊनच दवाखान्यात शिरलो आणि भरल्या बाकांसमोर ओरडलो, "पकडली!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मला कळून चुकलं. मी वाकून पुटपुटलो, "साहेब, परीक्षाच होती म्हणा ना."

"काहून म्हणू?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले. "परीक्षा नव्हती. मी चुकलो. यानं पाहिलं नसतं तर पोर गेली असती. ज्याले उठून जायचं आहे त्यानं जावं."

बरेच जण गेले. ती बाई मात्र पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसली. "त मंग आता बरोबर लिवून द्या ना जी. मी काही उठून नाही राहिली."

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि मला मोठ्याने वाचायला लावली. मी गुपचूप विचारलं असतं तर गर्दी टिकली असती, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या दिवसापासून परीक्षा बंद झाल्या. "आता मुद्दाम कशाले चुकू? वय झालं, आपोआपच होऊन राहिलं," ते म्हणायचे. "तू फक्त लक्ष ठेव. थांबायची वेळ आली की मले सांग. डॉक्टर लोक सांगणार नाहीत, घाबरतात."

पेशंट कमी झाले, पण ते रोज वेळेवर दवाखाना उघडत राहिले. दिवाळीनंतर एका चिठ्ठीत एकच औषध दोनदा लिहून आलं. ती घेऊन मी रस्ता ओलांडला, दारात उभा राहिलो आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"बरं झालं गा," ते म्हणाले, "बोलला तरी तू."

मी काहीच बोललो नव्हतो.